'किंडल' या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ आणि उपयोग : एक विवेचन

प्रस्तावना

इंग्रजी विषयाचे अध्यापन करणाऱ्यास विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका म्हणजे शब्दार्थविचाराचा न आटणारा स्रोत होय. द्वितीय वर्ष कला वर्गाच्या एका चाचणीत वृत्तलेखनाचा प्रश्न होता. संतप्त जमावाने बस पेटवली, हा आशय मांडण्यासाठी एका विद्यार्थ्याने 'द मॉब किंडल्ड द बस' असे वाक्य लिहिले. व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष होते. कर्ता, सकर्मक क्रियापदाचे भूतकाळी रूप आणि कर्म ही सर्व अंगे यथास्थित होती. त्याच्याजवळच्या द्वैभाषिक शब्दकोशात 'किंडल' म्हणजे 'पेटवणे' असा अर्थ दिलेला होता, आणि जमावाने बस पेटवलीच होती. तरीही असे वाक्य इंग्रजी वृत्तपत्रात आढळणार नाही. 'यात चूक काय?' असे त्या विद्यार्थ्याने विचारले, तेव्हा 'इंग्रजीत असे म्हणत नाहीत' एवढेच उत्तर प्रस्तुत लेखिकेस देता आले. उत्तर खरे होते. परंतु ज्याला कारण हवे आहे त्याच्या हाती त्यातून काहीच पडत नव्हते.

दुसरा प्रसंग शिक्षक दिनाचा. शिक्षण म्हणजे बादली भरणे नसून आग पेटवणे होय, अशा आशयाचे वाक्य अनेक महाविद्यालयांच्या फलकांवर त्या दिवशी लिहिलेले आढळते आणि त्याखाली बहुधा आयरिश कवी विल्यम बटलर येट्स (१८६५–१९३९) यांचे नाव असते. येट्स यांच्या लेखनात हे वाक्य आजवर कोणालाही दाखवता आलेले नाही. त्याच्या सर्वांत जवळ जाणारा प्राचीन आधार ग्रीक लेखक प्लुटार्कच्या एका निबंधात आहे, आणि तेथे मुद्दा 'पेटवणे' या शब्दाचा नसून इंग्रजीत ज्याला 'किंडलिंग' म्हणतात त्याचा आहे. म्हणजे उत्तरपत्रिकेतील चुकीचे वाक्य आणि फलकावरील लोकप्रिय वाक्य या दोहोंच्या मुळाशी एकच शब्दार्थप्रश्न आहे. मराठीतील 'पेटवणे' या एका क्रियापदाच्या पोटात इंग्रजीतील जी अनेक क्रियापदे आपण कोंबतो, त्यांत 'किंडल'चे स्थान नेमके कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शब्दाचे मूळ

'किंडल' हे क्रियापद मूळचे अँग्लो-सॅक्सन इंग्रजीतील नाही. इ. स. १२०० च्या सुमारास ते इंग्रजी लेखनात दिसू लागते. प्राचीन नॉर्स भाषेतील 'किंडा' (आग लावणे, पेटवणे) या क्रियापदाशी अभ्यासक त्याचा संबंध जोडतात. नवव्या शतकापासून स्कँडिनेव्हियातील लोक इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत येऊन स्थायिक झाले. त्यांच्या बोलीतून 'स्काय', 'एग', 'विंडो', 'नाइफ' असे नित्याच्या व्यवहारातील शब्द इंग्रजीत रुजले. आग पेटवण्याचा शब्दही त्यांच्याकडूनच यावा यात नवल नाही. राज्य, न्याय, धर्म यांचे शब्द दरबारातून येतात, तर चुलीचे शब्द शेजारणीकडून.

या शब्दाने इंग्रजीतील जुन्या क्रियापदास हळूहळू बाजूस सारले. प्राचीन इंग्रजीत आग पेटवणे या अर्थी 'ऑनटेंडन' हे क्रियापद होते. ते लोपले, परंतु त्याच कुळातील 'टिंडर' हे नाम टिकून राहिले. चकमकीची ठिणगी ज्यावर झेलायची तो वाळलेला, चटकन धरणारा पदार्थ म्हणजे टिंडर. आजच्या पदवीच्या विद्यार्थ्यास हे दोन्ही शब्द सांगितले असता त्याला एका वाचनयंत्राचे आणि एका जुळणी-ॲपचे नाव आठवते. आग पेटवण्याच्या शब्दकुळाची अशी सोय लागावी, हा भाषेचा विनोदच म्हणावयाचा.

'किंडल' या शब्दाच्या अखेरीस असलेला 'ल' हा प्रत्यय विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. 'स्पार्कल', 'क्रॅकल', 'ट्विंकल' या क्रियापदांतही तोच आहे. इंग्रजीत हा प्रत्यय पुनरावृत्ती दर्शवतो: लहान क्रिया, पुन्हा पुन्हा. 'स्पार्क' म्हणजे ठिणगी. 'स्पार्कल' म्हणजे ठिणग्यांप्रमाणे वारंवार चमकणे. सर्व शब्दांत हा अर्थ आज सारखाच जाणवतो असे नाही. तथापि 'किंडल'मध्ये त्याची छाया अद्याप टिकून आहे, असे पुढील उदाहरणांवरून दिसून येईल.

याच उच्चाराचे दुसरेही एक क्रियापद इंग्रजीत आहे. त्याचा अर्थ पिलांना जन्म देणे, आणि त्याचा संबंध 'काइंड' (जात, कुळ) या शब्दाच्या मुळाशी आहे. शेक्सपिअरच्या 'ॲज यू लाइक इट' या नाटकात सशाच्या संदर्भात ते आले आहे. ससेपालनाच्या इंग्रजी पुस्तिकांत सशिणीच्या विण्याला आजही 'किंडलिंग' असेच म्हणतात. १४८६ साली छापलेल्या 'बुक ऑफ सेंट ऑल्बन्स' या ग्रंथातील समूहवाचक नामांच्या यादीत मांजरीच्या पिलांच्या घोळक्यास 'किंडल' म्हटले आहे. हे शब्द मुळात दोन. परंतु उच्चार एक झाल्यावर त्यांच्या अर्थच्छटा एकमेकींत मिसळल्या असाव्यात, असे व्युत्पत्तिकार मानतात. आग 'जन्माला घालणे' ही कल्पना त्यामुळे इंग्रजी कानाला परकी वाटत नाही.

येथे एका सामान्य गैरसमजाचा निर्देश करणे आवश्यक आहे. 'किंडल' आणि 'कँडल' (मेणबत्ती) हे शब्द ऐकण्यास सारखे असले तरी इंग्रजीत ते वेगवेगळ्या वाटांनी आले आहेत. 'कँडल' हा लॅटिन 'कँडेला' या शब्दापासून, ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांच्या द्वारे, खूप आधी आलेला शब्द होय.

लाकूड कसे धरते

शब्दाचा अर्थ समजण्यासाठी काही वेळा शब्दकोशापेक्षा चुलीपाशी बसणे अधिक उपयोगी ठरते. मोठा ओंडका आणि पेटलेली काडी यांची थेट गाठ घालून दिली तर काडी विझते आणि ओंडका तसाच राहतो. याचे कारण साधे आहे. लाकूड स्वतः घनरूपात पेटत नाही. ते तापले की प्रथम त्यातील पाणी वाफ होऊन निघून जाते. त्यानंतर ताप सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत चढला की त्यातून ज्वलनशील वायू बाहेर पडतात आणि ते वायू पेट घेतात. ओंडक्याचे आकारमान मोठे आणि त्या मानाने पृष्ठभाग लहान. काडीची अल्प उष्णता त्याच्या अंतर्भागात शोषली जाते आणि पृष्ठभाग ज्वलनांकापर्यंत कधीच पोचत नाही. याउलट वाळकी काटकी किंवा ढलपी आकाराने बारीक असते. तिला तापायला वेळ लागत नाही. ती पेटली की तिच्या आंचेवर जरा जाड काडी, तिच्यावर त्याहून जाड फाटा, आणि अखेरीस लाकूड. मध्येच फुंकणीने हवा द्यायची. पण सुरुवातीस जोराने फुंकले तर होते तेही विझते.

ही संपूर्ण क्रिया म्हणजे 'किंडल'. आणि या क्रियेसाठी जे बारीक जळण जमवतात त्यासही इंग्रजीत 'किंडलिंग' असेच म्हणतात. एकच शब्द क्रियेचे नाम आहे आणि साधनाचेही. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यात तुराट्या आणि पऱ्हाट्या, उसाच्या पट्ट्यात चिपाडे, कोकणात नारळाच्या वाळक्या झावळ्या हे काम करतात. त्यांवर स्वयंपाक पुरा होत नाही. त्या चूल धरण्यापुरत्या असतात. सरपण निराळे आणि हे निराळे, हा भेद स्वयंपाकघरात कोणाला शिकवावा लागत नसे. वर्गात मात्र तो शिकवावा लागतो, कारण गॅसच्या शेगडीला 'किंडल' करण्याची गरजच नसते. खटका दाबला की ज्योत पूर्ण उंचीने येते.

इंग्लंडमध्येही असेच झाले असावे. जॉन वॉकर या औषधविक्रेत्याने घर्षणाने पेटणारी काडी १८२७ मध्ये विक्रीस आणली. तोवर चकमक, पोलाद व टिंडर यांच्या साहाय्याने ठिणगी पाडून ती वाढवण्याचे काम रोजचे होते. काडेपेटीने ठिणगीचे कष्ट संपवले, पुढे गॅस आणि वीज यांनी उरलेले. आजच्या इंग्रजीत मूळ, प्रत्यक्ष आगीच्या अर्थी 'किंडल' काहीसे जुने वा साहित्यिक वाटते. 'किंडलिंग' हे नाम तेवढे शेकोटी आणि फायरप्लेसच्या निमित्ताने व्यवहारात राहिले आहे. लाक्षणिक अर्थ मात्र जिवंत आहे. हात ज्या कामातून मोकळे होतात ते काम शब्द मनाकडे सोपवतात, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते.

सजातीय क्रियापदे आणि कर्माचा प्रश्न

आता बसच्या वाक्याकडे वळता येईल. आग लावण्याच्या इंग्रजी क्रियापदांत मुख्य भेद आहे तो कर्माचा. 'किंडल'चे कर्म एकतर स्वतः आग असते (किंडल अ फायर) किंवा आग धरण्यासाठीच जमवलेले जळण (किंडल द वूड). बस हे जळण नव्हे. बसची हानी झाली आहे. आणि ज्याची हानी होते ते आजच्या इंग्रजी गद्यात 'किंडल'चे कर्म सहसा होत नाही. तेथे 'सेट फायर टू', 'सेट ऑन फायर' किंवा वृत्तपत्री शैलीत 'टॉर्च' ही क्रियापदे येतात. गुन्हा म्हणून तिचा उल्लेख करावयाचा तर 'आर्सन' हे नाम आहे. विद्यार्थ्याच्या वाक्यातील जमाव जणू बसच्या काटक्या रचून, फुंकर घालून, प्रेमाने शेकोटी करीत होता. वर्गात हे असे सांगितले तेव्हा हशा झाला खरा. पण त्यानंतर ती चूक त्या वर्गात पुन्हा झाली नाही.

'लाइट' हे क्रियापद सर्वांत मोकळे आहे. दिवा, मेणबत्ती, सिगारेट, स्टोव्ह, शेकोटी, कशासाठीही ते चालते. त्यात प्रक्रियेचा विस्तार नाही. ज्योत लागली की क्रिया संपली. त्याची भूतकाळी रूपे दोन, 'लिट' आणि 'लाइटेड'; नामापूर्वी विशेषण म्हणून 'अ लाइटेड कँडल' अधिक रूढ. याविषयी अधिक विस्ताराचे कारण नाही.

'इग्नाइट' मात्र 'किंडल'शी तुलना करण्याजोगे आहे. ते लॅटिन 'इग्निस' (अग्नी) या नामापासून सतराव्या शतकात इंग्रजीत आले. 'इग्निस' आणि संस्कृत 'अग्नि' हे एकाच इंडो-युरोपीय मूळ शब्दाचे वंशज असल्याने मराठी विद्यार्थ्यास तो शब्द परका वाटण्याचे कारण नाही. पण इंग्रजीत त्याचा पोत शास्त्रीय आहे. वायू, इंधन, बाष्प 'इग्नाइट' होतात; मोटारीच्या चावीला 'इग्निशन की' म्हणतात. ही क्षणाची घटना आहे. ठिणगी पडण्यापूर्वी आग नव्हती, पडल्यावर आहे. मधली अवस्था नाही. लाक्षणिक उपयोगातही हा भेद टिकून राहतो. वादविवाद, निषेध, संताप यांच्याबाबत 'इग्नाइट' येते, कारण त्यांचा भडका एकाएकी उडाल्याचे सुचवायचे असते. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या २००२ मधील पुस्तकाच्या शीर्षकात 'इग्नायटेड' हे रूप आहे, 'किंडल्ड' नाही. अग्निबाणाच्या इंधनाशी ज्यांचे आयुष्य बांधले गेले होते त्यांनी हा शब्द निवडावा हे समर्पक आहे. अग्निबाणाचे इंधन काटक्यांनी पेटवत नाहीत.

लाक्षणिक अर्थ

'किंडल' हे क्रियापद आज ज्या नामांबरोबर वारंवार येते ती अशी: 'इंटरेस्ट', 'होप', 'इमॅजिनेशन', 'क्युरिऑसिटी', 'लव्ह'. म्हणजे गोडी, आशा, कल्पनाशक्ती, कुतूहल, प्रेम. या भावनांत एक समान धर्म आहे. त्या मंदपणे सुरू होतात आणि जपल्या नाहीत तर विझतात. जुन्या इंग्रजीत मात्र क्रोध आणि वैर हेही याच क्रियापदाचे विषय होते. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये परमेश्वराचा कोप पेटतो तेव्हा बहुधा हेच क्रियापद येते. त्या अनुवादाचा इंग्रजी गद्यावर मोठा प्रभाव असल्याने गंभीर शैलीत क्रोधाबरोबर 'किंडल' आजही अशुद्ध ठरत नाही. एवढेच की त्याला ग्रांथिक वास येतो.

'रिकिंडल' हे उपसर्गयुक्त रूप तर मूळ रूपापेक्षाही अधिक प्रचलित आहे. जुनी मैत्री, विसरलेले प्रेम, मावळलेली आशा यांसाठी ते येते. त्यात एक गृहीतक दडलेले आहे: आग पूर्वी होती आणि राखेखाली निखारा अजून आहे. रात्री निखारे राखेने झाकून ठेवायचे आणि पहाटे राख बाजूला सारून फुलवायचे, ही रीत आपल्याकडे होती तशी युरोपातही होती. रात्री आग झाकण्याची वेळ झाल्याची जी घंटा तेथे वाजवीत तिच्या फ्रेंच नावापासूनच 'कर्फ्यू' हा शब्द आला. संचारबंदीचा शब्द मुळात चुलीचा आहे, हे समाजशास्त्राच्या सहकाऱ्यांस रोचक वाटावे.

'किंडल'चा अर्थ क्रमाक्रमाने वाढणारी आग असा आहे, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा साहित्यात नसून मेंदूविज्ञानात सापडतो. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ग्रॅहम गॉडर्ड या संशोधकाने उंदरांच्या मेंदूच्या विशिष्ट भागास रोज अत्यंत सौम्य विद्युत्‌चेतना दिली. प्रारंभी या चेतनेचा काहीच परिणाम दिसत नसे. मात्र तीच सौम्य चेतना दिवसांमागून दिवस दिल्यावर उंदरांना झटके येऊ लागले, आणि पुढे ती संवेदनशीलता कायम राहिली. चेतना वाढवलेली नव्हती. मेंदू बदलला होता. या घटितास गॉडर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'किंडलिंग' हे नाव दिले आणि अपस्माराच्या संशोधनात ते रूढ झाले. येथे 'इग्निशन' हे नाव चुकले असते, कारण एका ठिणगीने काहीच घडत नव्हते. वैज्ञानिकांनी बोलभाषेतील शब्द इतक्या अचूकपणे निवडल्याची उदाहरणे थोडी आहेत.

वाचनयंत्राच्या नावाचा उल्लेख वर आलाच आहे. २००७ मध्ये ॲमेझॉनने आणलेल्या या यंत्राचे नाव मायकेल क्रोनन या आरेखनकाराने सुचवले; वाचनाची ओढ चेतवावी ही त्यामागील कल्पना. गंमत अशी, की प्रारंभीच्या यंत्रांना स्वतःचा प्रकाश नव्हता. रात्री वाचण्यासाठी दिवा लावावा लागे. पडदा उजळणारे रूप २०१२ मध्ये आले.

प्लुटार्कचे वचन आणि त्याचे अनुवाद

आता फलकावरील वाक्याकडे येऊ. प्लुटार्क (जन्म इ. स. ४६ च्या सुमारास) याच्या 'मोरालिया' या संग्रहात 'व्याख्यान कसे ऐकावे' या विषयावरील एक निबंध आहे. निकँडर नावाच्या, नुकताच वयात आलेल्या तरुणास उद्देशून तो लिहिलेला आहे. निबंध शिक्षकांसाठी नाही, श्रोत्यांसाठी आहे, हे प्रथम लक्षात घ्यावयास हवे. त्याच्या अखेरीस प्लुटार्क सांगतो की मन हे भरावयाचे भांडे नव्हे; ते लाकडासारखे आहे आणि त्याला केवळ 'हिपेक्कौमा'ची गरज असते. हा ग्रीक शब्द 'खालून' आणि 'जळणे' या अर्थांच्या घटकांनी बनला आहे. लाकूड पेटावे म्हणून त्याखाली घालतात ते चटकन धरणारे द्रव्य, असा त्याचा अर्थ. थोडक्यात, चुलीतल्या काटक्या.

लोएब ग्रंथमालेतील १९२७ च्या अनुवादात फ्रँक कोल बॅबिट यांनी येथे 'किंडलिंग' हा शब्द योजला. तो क्रियेचाही आहे आणि द्रव्याचाही, त्यामुळे मूळ शब्दाच्या अगदी जवळ जातो. पेंग्विनने १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रॉबिन वॉटरफील्ड यांच्या अनुवादात 'इग्नाइट'चे रूप आले. आणि येट्सच्या नावाने फिरणाऱ्या वाक्यात 'लाइट'चे. तीन अनुवाद, तीन क्रियापदे, आणि प्रत्येक टप्प्यावर आग थोडी सोपी होत गेली आहे. 'किंडल'मध्ये बारीक जळण, कोरडेपणा, क्रम आणि प्रतीक्षा आहे. 'इग्नाइट'मध्ये ठिणगी आहे. 'लाइट'मध्ये फक्त पेटवणारा हात उरला. शिक्षक दिनी हे शेवटचे रूप आवडावे यात आश्चर्य नाही, कारण त्यात तो हात आपला असतो.

मूळ निबंधात मात्र शिक्षकाच्या हाताचा गौरव नाही. त्याच परिच्छेदात प्लुटार्कने एक दृष्टांत दिला आहे. एखादा मनुष्य विस्तव मागावयास शेजारी जातो. तेथे मोठी आग पेटलेली पाहून तो तिथेच शेकत बसतो, विस्तव घेऊन घरी परतत नाही. वक्त्याचे भाषण ऐकून मुग्ध होणारा आणि त्यातून स्वतःचा काही प्रकाश न पेटवणारा श्रोता असाच होय. भाषणाच्या तेजाने त्याचा चेहरा उजळतो, पण आतला कुबटपणा आणि अंधार तसाच राहतो. 'स्वतःचा प्रकाश पेटवणे' या ठिकाणी बॅबिट यांनी पुन्हा 'किंडल' हेच क्रियापद वापरले आहे, आणि तेथे त्या क्रियापदाचा कर्ता विद्यार्थी आहे.

खापरीवर वा गोवरीच्या तुकड्यावर शेजारून विस्तव आणण्याची रीत ज्यांनी खेड्यात पाहिली आहे त्यांना हा दृष्टांत समजावून सांगावा लागत नाही. आपल्या परंपरेत याच्याशी जुळणारी एक गोष्ट आहे आणि ती शब्दाच्याच अंगाने पाहावयास हवी. संस्कृतात 'इन्ध्' हा धातू पेटवणे या अर्थी आहे. 'इंधन' त्यापासून, आणि 'सम्' उपसर्ग लागून 'समिधा'ही त्यापासूनच. समिधा म्हणजे लाकूड नव्हे. अग्नी चेतवण्यासाठी वाहिलेली लहान काडी. म्हणजे शब्दशः 'किंडलिंग'. मुंडकोपनिषदात ज्ञानार्थी शिष्याने गुरूकडे समिधा हाती घेऊन जावे असे सांगितले आहे. प्रश्नोपनिषदातील सहा जिज्ञासू पिप्पलादाकडे तसेच जातात. छांदोग्यात सत्यकामाचे सत्यवचन ऐकून संतुष्ट झालेला गुरू त्याला प्रथम समिधाच आणावयास सांगतो. या प्रथेचा मूळ हेतू गुरुगृहीच्या अग्नीची सेवा हा होता आणि तिला ओढूनताणून आधुनिक शिक्षणशास्त्र चिकटवण्याचे कारण नाही. परंतु दोन दूरच्या परंपरांत बारीक जळण विद्यार्थ्याच्या बाजूला आणि विस्तव गुरूच्या बाजूला आढळतो, हे नोंदवणे अप्रस्तुत होणार नाही.

या शब्दभेदाचा आपल्या कामाशी काय संबंध, अशी शंका येथे घेतली जाईल. ओल्या लाकडावर रॉकेल ओतले तर ज्वाळा लगेच उठते, आणि रॉकेल संपले की लाकूड ओलेच राहते. सत्रारंभी प्रेरणादायी व्याख्यान आयोजित करून वर्षभर टिपणे उतरवून देणाऱ्या आपल्या व्यवस्थेत हा अनुभव नवा नाही, आणि प्रस्तुत लेखिका त्यास अपवाद नाही. साठ-सत्तरांच्या वर्गात प्रत्येकाच्या लाकडाची ओल पाहणे शक्य नसते, हा आक्षेपही खराच आहे. पण तसे असेल तर निदान फलकावर आपण जे लिहितो ते करीत नाही, याची जाणीव असावी.

मराठी पर्यायांविषयी

मराठीत आगीची क्रियापदे काही थोडी नाहीत. दिवा, समई, निरांजन आपण 'लावतो'. देवापुढचा दिवा 'पेटवला' असे म्हणणे कानाला खटकते. चूल, शेकोटी, होळी 'पेटवतो'. विडी 'शिलगावतो'. निखारे 'फुलवतो'. समारंभात दीप 'प्रज्वलित' होतो. 'लावणे' या क्रियापदाची व्याप्ती तर विलक्षण आहे: दिवाही लावतात आणि आगही, 'काय दिवे लावलेस!' हा उपरोध दोहोंच्या मधला. इंग्रजी शिकवताना हे भेद विद्यार्थ्याच्या स्वभाषेतून त्याला दाखवून दिले तर 'पेटवणे म्हणजे किंडल' हे समीकरण आपोआप ढिले होते. तूर्त द्वैभाषिक कोशांत एकाच मराठी शब्दापुढे चार इंग्रजी क्रियापदे स्वल्पविरामांनी तोडून दिलेली असतात, आणि कोणते कर्म कोणाबरोबर, याचा पत्ता नसतो. कोशांतील या उणिवेची भरपाई वर्गातच करावी लागते.

लाक्षणिक 'किंडल'चा अनुवाद करताना आपण बहुधा 'कुतूहल जागवणे', 'आवड निर्माण करणे', 'गोडी लावणे' असे म्हणतो. हे पर्याय सहज आहेत, परंतु त्यांत आग उरत नाही. झोपेतून जागे करणे ही वेगळी प्रतिमा आहे. 'पेटवणे' घ्यावे तर दंगलीचा धूर येतो. 'भडकवणे' तर थेट आरोपपत्रात जाते. सर्वांत जवळचे क्रियापद 'चेतवणे' हे होय, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. त्यात अग्नी आहे आणि 'चेतना'ही आहे. इंग्रजी 'किंडल'मध्ये आग आणि जन्म हे दोन शब्द योगायोगाने एकत्र आले; 'चेतवणे'मध्ये आग आणि जाणीव यांचे नाते मुळापासूनच आहे. अडचण एवढीच की हे क्रियापद बोलण्यातून मागे पडत चालले आहे आणि विद्यार्थ्यांस ते 'किंडल'इतकेच समजावून सांगावे लागते.

नामाचा प्रश्न अधिक बिकट आहे. प्लुटार्कच्या त्या शब्दासाठी 'इंधन' म्हटले तर पेट्रोल डोळ्यांपुढे येते. 'सरपण' फार मोठे होते. 'समिधा' यज्ञाचा संकेत सोबत आणते. 'काटक्या' आणि 'ढलप्या' अचूक आहेत, परंतु तत्त्वचिंतनपर गद्यात त्यांना आसन देण्यास आपली ग्रांथिक मराठी कचरते. पदव्युत्तर वर्गात या परिच्छेदाचा मराठी अनुवाद गृहपाठ म्हणून दिला असता बहुतेकांनी 'ठिणगी' लिहिले होते. एका विद्यार्थिनीने 'काड्याकुड्या' असे लिहिले. तिला पूर्ण गुण दिले.